इगतपुरीची धम्मगिरी : शेतकऱ्याने दहा दिवस काढावेत का?

नागपूरहून मुंबईला रेल्वेने गेलेल्या माणसाला इगतपुरी स्टेशन सांगावे लागत नाही. सातशे किलोमीटर पळत आलेली गाडी येथे जरा दम खाते, कारण पुढे थळ घाटाची उतरण आहे. सदतीस फुटांना एक फूट असा हा घाट १८६५ साली रेल्वेला खुला झाला. मुंबईकडून वर चढणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला जादा इंजिने जोडण्याची वहिवाट फार जुनी आहे. उतारू खाली उतरतात, गरम वडे घेतात, घाटातला गार वारा अंगावर घेतात आणि पुढे निघून जातात. याच गावाच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी, ब्रह्मदेशी धाटणीचा एक सोनेरी स्तूप उभा आहे. त्या जागेचे नाव धम्मगिरी. येथे १९७६ सालापासून विपश्यनेची शिबिरे भरतात.

गेल्या काही वर्षांत आमच्या भागातले शेतकरी बियाण्या-खतांच्या चौकशीबरोबर हाही प्रश्न विचारू लागले आहेत. "साहेब, ते इगतपुरीचं दहा दिवसाचं काय असते? आपल्यासारख्यानं जावं का?" कोणी टीव्हीवर पाहिलेले असते, कोणाचा पुण्यात नोकरीला असलेला मुलगा जाऊन आलेला असतो. मी स्वतः तेथे एक शिबिर केले आहे. तेव्हा जे पाहिले, त्यानंतर जे वाचले आणि शेतकऱ्याच्या बाजूने जो विचार केला, तो येथे मांडतो. मी कोणा पंथाचा प्रचारक नाही. शेतकऱ्याचे दहा दिवस म्हणजे काय चीज असते, ते मात्र तीस वर्षे बांधावर फिरून मला चांगले माहीत आहे.

आधी जागा कशी आहे ते सांगतो. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. भोवताली सह्याद्रीचे सरळ तुटलेले कडे, आणि आग्नेयेला कळसूबाईची रांग. कळसूबाई १६४६ मीटर, आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर. हे कडे ज्या काळ्या दगडाचे आहेत, त्याच दगडाच्या झिजेतून आपल्याकडची काळी कपाशीची जमीन तयार झाली. फरक पडला तो पाऊस आणि उताराने. नागपूरला वर्षाकाठी अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इगतपुरीला तीन हजारांच्या वर. उतारावरची माती पाण्याबरोबर खाली जाते. म्हणून तिकडे कपाशीचे बोंड दिसत नाही. सखल भागात भाताची खाचरे आणि डोंगरउतारावर नागली-वरई. आपल्याकडच्या सपाट शिवारात वाढलेल्या माणसाला हे कडे पाहून पहिल्यांदा थोडी धास्तीच वाटते. पावसाळ्यात तर ढग खाली उतरतात, दहा हातांवरचा माणूस दिसत नाही, आणि मागच्या कड्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा सुटलेल्या असतात.

म्यानमार द्वार नावाच्या मोठ्या कमानीतून आत गेले की झाडी, पायवाटा, राहण्याच्या खोल्या, भोजनशाळा, ध्यानाची सभागृहे आणि मधोमध तो स्तूप. आपल्याकडे देवळात गाभारा एक असतो आणि त्यात देव असतो. या स्तूपाच्या पोटात माणूस बसेल एवढ्याच लहान लहान कोठड्या आहेत, चारशेच्या वर. त्यांना शून्यागार म्हणतात. आत एक आसन आणि चार भिंती, बाकी काही नाही. मूर्ती नाही, समई नाही, दानपेटीसमोर उभा असलेला पुजारी नाही. नारळ कुठे फोडायचा हे विचारणाऱ्याची पंचाईत होते. नुसते पाहायला आलेल्यांना शिबिराच्या भागात सोडत नाहीत, माहिती देऊन दारापाशीच परत पाठवतात. सहल म्हणून बैलगाडीभर माणसे घेऊन जाण्याचे हे ठिकाण नव्हे.

ब्रह्मदेशातला शेतकरी

ही विद्या आपल्याकडे परत आली ती ब्रह्मदेशातून, म्हणजे आजच्या म्यानमारमधून. बुद्धाने सांगितलेली ही ध्यानाची रीत भारतात लोप पावली आणि ब्रह्मदेशात गुरुशिष्य परंपरेने टिकून राहिली, असे तिचे अनुयायी सांगतात. तेथून ती इकडे आणणारे सत्यनारायण गोयंका हे १९२४ साली मंडाले येथे एका मारवाडी व्यापारी कुटुंबात जन्मले. व्यापार जोरात, पण अर्धशिशीने इतके हैराण की मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. परदेशांतले डॉक्टर झाले, गुण आला नाही. १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे साधू नव्हेत, सरकारी नोकर. १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा ते महालेखापाल झाले. आपल्या कचेरीतच कारकुनांना ध्यान शिकवायचे. डोकेदुखी बरी करून घ्यायला आलो आहे, असे गोयंकांनी सांगताच त्यांनी आधी नकार दिला. मन स्वच्छ करायचे असेल तर या, दुखणे त्याबरोबर गेले तर गेले, असा त्यांचा एकूण रोख होता. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा कामाला येईल.

पण मला या परंपरेत सर्वांत जवळचा वाटला तो ऊ बा खिन यांचा गुरू. त्यांचे नाव सया तैजी. हा माणूस शेतकरी होता. रंगूनच्या दक्षिणेला, नदीपलीकडच्या एका भातपिकाच्या गावात १८७३ साली जन्मला. घरची जमीन नव्हती. बाप लवकर गेला. आई भजी तळून विकायची आणि चार लेकरे पोसायची. उरलेली भजी विकायला या पोराला पाठवले की तो ताट जसेच्या तसे परत आणी, कारण गल्लीत ओरडायची त्याला लाज वाटे. मग आईने तोड काढली. ताट डोक्यावर त्याने धरायचे आणि ओरडायचे धाकट्या बहिणीने. दुसऱ्याच्या वावरात कापणीनंतर राहिलेली धानाची कणसे ही मुले वेचून आणत. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूला सरवा वेचतात, तेच. चौदाव्या वर्षी तो धान वाहणारा गाडीवान झाला, पुढे नाव वल्हवू लागला, मग एका गिरणीत मोजदाद करू लागला. सोळाव्या वर्षी एका जमीनदार धान्यव्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न झाले आणि घरी शेती आली. दोन मुले झाली.

१९०३ साली गावात पटकी आली. आपण हिला कॉलरा म्हणतो. मुलगा गेला, मुलगीही गेली. त्यानंतर या माणसाचे संसारात मन राहिले नाही. मरण टळत नाही, पण त्याचे दुःख टळते का, हे शोधायला तो निघाला. डोंगरातले मठ, रानातले विहार पालथे घातले आणि शेवटी उत्तरेत लेडी सयाडो नावाच्या विद्वान भिक्षूपाशी सात वर्षे राहिला. परत येऊन शेताच्या कोपऱ्यातल्या धर्मशाळेत बसला आणि १९१४ च्या सुमारास शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकवू लागला. १९३७ साली त्याच्याकडे रंगूनहून एक हिशेबखात्यातला बाबू आला, तोच ऊ बा खिन.

ही कथा सांगताना सांगणारे गुरूची थोरवी सांगतात, आणि ती आहेच. माझे लक्ष मात्र दुसरीकडे जाते. ती सात वर्षे त्या शेतीचे काय झाले? तर बायको आणि मेहुणी यांनी ती सांभाळली, आणि दरवर्षी पीक निघाले की त्यातून त्याच्या खर्चाला पैसे पाठवले. त्या बायकोचीही तीच दोन मुले गेली होती. तिला कोणी रानावनात जा म्हटले नाही. विपश्यना ब्रह्मदेशातून इगतपुरीपर्यंत आली त्या वाटेवर दोन बायांनी राखलेले धानाचे वावर आहे, हे शेतकरी वाचकांनी तरी विसरू नये.

गोयंका १९६९ साली भारतात आले ते मुळात आजारी आईला ही विद्या शिकवण्यासाठी. त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या एका धर्मशाळेत पहिले शिबिर झाले, आईवडील धरून चौदा माणसे होती. पुढे गावोगाव, कधी शाळेत तर कधी मंगल कार्यालयात शिबिरे भरत. कायमची जागा हवी म्हणून इगतपुरीची टेकडी घेतली गेली. १९७५ साली जयपूरच्या तुरुंगात कैद्यांसाठी शिबिर झाले आणि १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजारावर कैदी एकाच वेळी बसले. गोयंका २०१३ साली वारले. आज जगभर या परंपरेची दोनशेच्या वर केंद्रे आहेत आणि धम्मगिरी त्या सर्वांचे मूळ घर मानले जाते.

नागपूरकरांना ब्रह्मदेशाचे नाते नवे वाटू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर त्यांना दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी हे मूळचे ब्रह्मदेशातलेच. ही झाली इतिहासाची गोष्ट. पण गावात पारावर प्रश्न येतो तो असा : "मग हे बौद्धांचं आहे का? आपल्याले चालते का?" याचे उत्तर आडपडदा न ठेवता द्यायला हवे. शिबिराच्या सुरुवातीला पाली भाषेत बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाण्याचे शब्द म्हटले जातात. शरण जायचे ते व्यक्तीला नव्हे, गुणांना, असे समजावून सांगतात. धर्म बदलायला कोणी सांगत नाही. माझ्या रांगेत तेली होते, कुणबी होते, बौद्ध होते, एक मुसलमान शिक्षक होते, एक जैन व्यापारी होते. ही ओळख अर्थात दहाव्या दिवशी पटली, तोपर्यंत कोणी कोणाला नाव विचारले नव्हते. ज्या गावात अजून पाणवठ्यावरून कुरबुरी होतात, त्या गावच्या माणसाने असे दहा दिवस शेजारी शेजारी जेवून पाहावेत, असे माझे मत आहे.

वारकऱ्यांना मात्र एक गोष्ट आधीच सांगतो. त्या दहा दिवसांत जप, माळ, हरिपाठ, उपास, गंडेदोरे सर्व बाजूला ठेवावे लागते. एकादशी आली तरी उपास करता येत नाही. ज्याच्या जिवाला ते पटणार नाही त्याने जाऊ नये आणि त्यात काही कमीपणाही मानू नये.

दहा दिवसांत काय होते

पहाटे चारला घंटा. साडेचारपासून बैठक. साडेसहाला न्याहारी, अकराला जेवण, पाचला चहा, चुरमुरे आणि फळ, आणि त्यानंतर काही नाही. संध्याकाळी सातला गोयंकांचे ध्वनिमुद्रित प्रवचन. हिंदी कळत नसेल तर मराठीतही ऐकण्याची सोय असते. साडेनऊला दिवे बंद. दिवसभरात दहा तासांच्या वर बसणे. मोबाईल पहिल्याच दिवशी जमा करतात. वाचणे नाही, लिहिणे नाही. पुरुष एकीकडे, बाया दुसरीकडे, नवराबायको बरोबर आले तरी वेगळे. हिंसा, चोरी, खोटे, व्यभिचार आणि नशा, या पाच गोष्टी बंद. नशेत तंबाखूही आली. आपल्या नागपुराकडच्या माणसाची खरी परीक्षा येथे आहे. खर्ऱ्याची पुडी खिशात ठेवून आत जाता येत नाही. एक जण दुसऱ्याच दिवशी बिछाना गुंडाळून निघण्याच्या बेतात होता, त्याला घर आठवले नव्हते, खर्रा आठवला होता.

आणि मौन. एका गावी मी हे सांगत होतो तेव्हा घरधनी म्हणाला, "दहा दिवस बोलाचंच नाही म्हंता? मानूस येडा होते नं, साहेब! आमच्या घरी तं बाया दहा मिनिटं चूप राहत नाही." आतून उत्तर आले, "यायलेच धाडा साहेब, मले दहा दिवस कानाले आराम भेटीन." त्यावर पुढे चर्चा झाली नाही.

पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा. नाकातून येतो, नाकातून जातो. तो लांब करायचा नाही, कोंडायचा नाही, फक्त जाणायचा. ऐकायला सोपे आहे. मन कुठे कुठे जाते! माझे मन तीन दिवस चुलतभावाबरोबरच्या एका जुन्या धुऱ्याच्या भांडणात फिरत होते. दोन तासांचे काम, पंधरा वर्षांपूर्वी मिटलेले. तरी छाती तापत होती, जणू कोणी आता समोर उभा राहून धुरा फोडत आहे. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत अंगावर जे जे जाणवेल ते पाहायला सांगतात. गुडघा ठणकतो, पाठीला रग लागते, कुठे खाज, कुठे मुंग्या. दिवसातून तीन वेळा एकेक तास हलायचे नाही. दुखणे हटवायचेही नाही आणि चांगले वाटले तर धरून ठेवायचेही नाही. येते, राहते, जाते, एवढेच पाहायचे. याला ते समता म्हणतात.

आमच्या खात्याच्या भाषेत सांगतो. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावा, रोज पतंग मोजा, आणि सापळ्यामागे आठ पतंग सलग तीन रात्री आले तरच फवारणी करा, असे आम्ही सांगत आलो. शेतकरी काय करतो? शेजाऱ्याने पंप पाठीवर घेतला की हाही घेतो. पाहण्याआधी फवारणी. रागाचे तसेच आहे. अंगात आग उठली की जीभ सुटते, आणि त्या जिभेने जे जळते ते बोंडअळीपेक्षा जास्त असते. या शिबिरात दहा दिवस नुसती मोजणी शिकवतात असे समजा. पंपाला हात लावायचा नाही. माझा राग संपला असे मी म्हणणार नाही, घरची मंडळी हा लेख वाचणार आहेत. पण उठताना तो दिसतो, एवढा फरक पडला.

दहाव्या दिवशी सकाळी सर्वांच्या भल्याची कामना करण्याची मैत्री-साधना शिकवतात आणि मौन सुटते. त्या वेळचा कलकलाट ऐकण्यासारखा असतो. सायंकाळी थव्यांनी झाडावर पाखरे उतरतात, तसा.

पैशाविषयी लोक दोनदोनदा विचारतात. राहणे, जेवण, शिकवणे, कशाचेही शुल्क नाही. पूर्वी ज्यांनी शिबिर केले त्यांच्या दानावर हे चालते, आणि ज्याने दहा दिवस पुरे केले नाहीत त्याच्याकडून दान घेतच नाहीत. स्वयंपाकघरात राबणारेही पूर्वीचे साधकच, बिनपगारी. गरीब माणसाने येथे संकोच करण्याचे कारण नाही. श्रीमंताला वेगळी रांग नाही.

आपल्या हंगामात हे बसते कसे

आता खरा प्रश्न. मला हे दहा दिवस मिळाले ते नोकरीमुळे. विपश्यना शिबिरासाठी सरकारी नोकरांना काही अटींवर रजा देण्याची सोय महाराष्ट्र शासनाने केलेली आहे. शेतकऱ्याला रजा कोण मंजूर करणार? जाण्यायेण्याचे धरून तेरा-चौदा दिवस घर सोडावे लागते. जूनमध्ये पेरणी, जुलै-ऑगस्टात निंदण-डवरण, ऑक्टोबरात सोयाबीन, त्यापाठोपाठ कापूस वेचणी. गहू-हरभरा असेल तर ओलिताची पाळी. कोरडवाहू शेतकऱ्याला तुरी घरात आल्यानंतर, फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत, थोडी उसंत असते. मृग बहार धरणाऱ्या संत्रा बागाईतदाराला तर मे महिना चांगला. बाग ताणावर सोडलेली असते, तेव्हा ओलितच बंद. झाडाला ताण आणि मालकाला विश्रांती, असा हा योग आहे. मात्र पाणी सोडण्याच्या तारखेच्या आधी परत यायला हवे, आणि मेच्या अखेरीस लग्नसराई व बियाण्याची धावपळ लागते, तेही ध्यानात घ्यावे.

दुभत्या जनावरांना मात्र हंगाम नसतो. म्हैस दहा दिवसांचे मौन पाळत नाही. गोठ्याचे काम कोणावर टाकून जाणार, हे ठरल्याशिवाय अर्ज भरू नये. बहुधा ते काम घरच्या बाईवर पडते. म्हणूनच मी सया तैजीच्या बायकोची आठवण मघाशी करून दिली. घरातला पुरुष शांतीसाठी इगतपुरीला जातो आणि त्याच्या वाट्याचा शेणगोठा बायकोच्या वाट्याच्या शेणगोठ्यात मिळतो, असे झाले तर ती शांती उसनवारीची. या वर्षी तो गेला तर पुढच्या वर्षी तिने जावे आणि त्याने धार काढावी.

असे एक घर मला माहीत आहे. कळमेश्वरच्या बाजूचे, पाच एकर शेती, दोन म्हशी. नवरा आधी जाऊन आला होता. त्याने दहा दिवस सासूच्या मदतीने चूल आणि गोठा सांभाळला आणि बायकोला पाठवले. परत आल्यावर ती आमच्या घरी आली होती. पहाटे चारला उठायचे तिला काही वाटले नाही, घरी ती चारलाच उठते. बोलणे बंद, त्याचेही काही नाही. अवघड गेले ते निराळेच. "काकू," ती माझ्या पत्नीला म्हणाली, "दुसऱ्यानं शिजवलेलं आयतं ताटात आलं, तं तीन दिवस घास उतरेना. वाटे, आता कोनी तरी उठवीन." चौथ्या दिवसापासून ती पोटभर जेवली. विपश्यनेचे तिला काय कळले हे मी विचारले नाही. पण आता ती रोज सकाळी अर्धा तास दार लावून बसते आणि त्या वेळात घरात कोणी तिला हाक मारत नाही, हा त्या घराचा नियम झाला आहे.

आता एक गोष्ट जरा जड मनाने लिहितो, कारण आपल्या विदर्भात ती टाळता येत नाही. कर्जाने, नापिकीने खचलेल्या माणसाला घरचे लोक म्हणतात, "जा, इगतपुरीला जाऊन ये, बरं वाटंल." हेतू चांगला असतो. पण डोळे मिटून दहा दिवस बसल्याने सातबाऱ्यावरचा बोजा उतरत नाही. बँकेचे पुनर्गठन, पीकविम्याचा दावा, सावकाराचा हिशेब, ही कामे डोळे उघडे ठेवूनच करावी लागतात, आणि त्यात नातेवाइकांनी व आम्हा खात्याच्या लोकांनी बरोबर राहायला हवे. दुसरे असे की, ज्याची झोप उडाली आहे, जेवण सुटले आहे, जो जगण्यात अर्थ नाही असे बोलतो, त्याला एकांतात, मौनात पाठवणे धोक्याचे आहे. केंद्राच्या अर्जातही मानसिक आजाराविषयी स्पष्ट विचारलेले असते आणि गंभीर आजार असणाऱ्याला ते शिबिरात घेत नाहीत. ती माहिती लपवून कोणाला पाठवू नका. अशा माणसाला आधी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६, रात्रंदिवस आणि फुकट, मराठीतही बोलता येते. ज्याची गोळी चालू आहे त्याने ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. डोके दुखते म्हणून आलेल्या गोयंकांना त्यांच्या गुरूने आधी परत का पाठवले होते, ते येथे आठवावे.

ज्याची प्रकृती ठीक आहे, घरची संमती आहे आणि ज्याला आपल्या रागाचा, काळजीचा, जिभेचा त्रास आपल्यालाच होऊ लागला आहे, त्याला मी जा असेच सांगतो. शेतीत चिकाटी लागते तेवढीच येथे लागते, आणि ती शेतकऱ्याजवळ असते. शहरातले पुष्कळ लोक चौथ्या दिवशी पळायचे म्हणतात. माझ्या शिबिरात टिकून बसलेल्यांत शेतकरी बरेच होते.

डोंगर पाहायचाच नसेल तर इतक्या दूर जायलाही नको. नागपूरजवळ कळमेश्वर रस्त्यावर माहुरझरी येथे याच परंपरेचे धम्म नाग हे केंद्र आहे. वेळापत्रक तेच, नियम तेच. माहुरझरी हे गाव आणखी एका कारणासाठी प्रसिद्ध आहे. तेथे हजारो वर्षांपूर्वीची शिळावर्तुळे आहेत, मोठमोठे दगड गोलाकार मांडून केलेली दफने. पुराणवस्तू संशोधकांनी ती १९७० नंतरच्या काळात उकरली आणि त्यांत घोड्यांचे साज, लोखंडी हत्यारे आणि मणी सापडले. शिबिर सुटल्यावर वेळ असेल तर पाहून यावे. तरीही पहिल्या वेळी इगतपुरीला जावे, असे माझे मन सांगते. घरापासून सातशे किलोमीटर दूर असले की रात्री म्हशीचे ओरडणे ऐकू आल्याचा भास होत नाही.

अर्ज इंटरनेटवरून भरावा लागतो. गावातल्या सेवा केंद्रात किंवा घरच्या शिकलेल्या पोराकडून तो भरून घ्यावा, आणि दोन-तीन महिने आधी, कारण जागा लवकर भरतात. होकाराचा निरोप आल्याशिवाय गाडीत बसू नये. नागपूरहून रेल्वे सोयीची. २०२४ सालापासून समृद्धी महामार्ग थेट इगतपुरीपर्यंत खुला आहे, पण स्वतःची गाडी तेरा दिवस तेथे उभी करून ठेवण्यात अर्थ नाही. सैल कपडे, पांघरूण, बॅटरी आणि नेहमीची औषधे न्यावीत. हिवाळ्यात स्वेटर, पावसाळ्यात छत्री आणि वाळायला वेळ लागणार म्हणून कपड्यांचा एक जोड जास्त. दागिने घरी ठेवावेत. निकडीच्या वेळी घरच्यांनी कुठे फोन करायचा तो केंद्राचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून जावा. अकराव्या दिवशी सकाळी लवकर सुट्टी होते, तेव्हा परतीचे आरक्षण त्याच दिवशी दुपारनंतरच्या गाडीचे करावे.